तिसरी-चौथीला विज्ञान हाताने शिकवताना: काय जमतं, काय अडतं?

संत्राबाग

नमस्कार. मी वरूडकडच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी दोन्ही माझ्याकडे, एकाच खोलीत. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात ‘करून पहा’ सांगणाऱ्या चौकटी असतात. बहुतेक वर्गांत त्या मोठ्याने वाचल्या जातात आणि खालचं अनुमान फळ्यावरून वहीत उतरतं. मुलाने काहीच पाहिलेलं नसतं, तरी उत्तर बरोबर असतं. हे मला पटत नाही, म्हणून धागा काढते आहे.

यंदा आम्ही अळीपासून सुरुवात केली. आमच्याकडे जिकडे तिकडे संत्र्याच्या बागा, त्यामुळे लिंबूवर्गीय झाडांवरची फुलपाखराची अळी मुलांच्या रोजच्या पाहण्यातली. पण तिची ओळख एवढीच, की ती पानं खाते आणि बाबा फवारणी करतात. शाळेमागच्या लिंबावरून कोवळ्या पानांसकट काही अळ्या आणल्या, बरणीत ठेवल्या, तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. अगदी लहान अळी काळपट असते आणि पाठीवर मधोमध पांढरा डाग असतो. चौथीतली एक मुलगी ‘मॅडम, यावर चिमणी हगली’ म्हणत पान फेकायला निघाली आणि तेवढ्यात ते चालायला लागलं! तो गलका ओसरल्यावर वर्गातला पहिला खरा प्रश्न आला: ‘ते असं काऊन दिसते?’ मी उत्तर दिलं नाही. ‘तू चिमणी असतीस तर ते खाल्लं असतंस का?’ एवढंच विचारलं. पुढचा अर्धा तास मला बोलावं लागलं नाही.

कात टाकत टाकत अळी हिरवी झाली. तिला काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांनी तो वास घेऊन तोंडं वाकडी केली आणि ‘मुंग्यांना पळवायला असेल’ असा अंदाज स्वतःच बांधला. मग तिने काडीला टेकून स्वतःभोवती रेशमाचा एक पट्टा बांधला आणि कोष केला. हिरव्या डहाळीवरचा कोष हिरवा, वाळक्या काडीवरचा तपकिरी. एका कोषातून मात्र फुलपाखरू आलंच नाही. चिलटाएवढ्या बारीक माश्या निघाल्या. मुलं हिरमुसली. या माश्या गांधीलमाशीच्या नात्यातल्या, त्या कोषातच अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतला जीव खाऊन वाढतात, हे मात्र मला सांगावं लागलं. ते बघून कोणाला कळणं शक्य नव्हतं. एका मुलाने घरी जाऊन वडिलांना विचारलं, ‘बाबा, आपण फवारतो तेव्हा या माश्या पण मरत असतील नं?’

आता अडचणी. पहिली वेळेची. दुसरी, एका खोलीत दोन वर्ग. पालकांना हे कसं वाटेल ही काळजीही आहेच. तिसरी आणि सगळ्यात मोठी: किती सांगायचं आणि किती थांबायचं? तुमच्या शाळेत, गावात, घरी काय केलं ते लिहा. प्रयोगांची यादी नको, ती मोबाइलवर ढिगाने मिळते. लेकरं काय म्हणाली आणि तुम्ही काय केलं ते हवं आहे.

पऱ्हाटी

ताई, लय चांगला इषय काढला. मी मास्तर नाही, कास्तकार हाओ, दर्यापूरकडचा. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. इहिरीचं पानी तोंडात घेववत नाही आन् ओलिताले बी काई कामाचं नाही.

आमच्या पोरीच्या मॅडमनं पावसाळ्यात सांगतलं का सगळ्याईनं घरून बाटलीत पानी आना. कोनी इहिरीचं आनलं, कोनी नळाचं, कोनी टिनावरून पडलेलं पावसाचं. सारख्या बाटल्या, सारखं पानी, साबनाच्या पान्याचे मोजून सारखे थेंब, झाकन लावून सारखंच हालवलं. पोरगी घरी येऊन म्हने, बाबा, पावसाच्या पान्यात फेस बोटभर येते आन् आपल्या इहिरीच्या पान्यात येतच नाही. मंग तिनं ताटलीत इहिरीचं पानी घेऊन उन्हात ठेवलं. वाळल्यावर खाली पांढरा थर रायला. पावसाच्या पान्याची ताटली कोरी.

आमाले पिढ्यान् पिढ्या ठाऊक हाये का पानी खारं हाये. पन त्या पान्यातलं मीठ डोयानं पायलं ते माह्या नऊ वर्साच्या पोरीनं. तिच्या आजीनं त्या ताटलीवरून बोट फिरवलं आन् चाखून पायलं. पालकाईची काळजी नका करू ताई, घरी असं काई आलं का मानूस आपोआप इचारते.

बुधवारबाजार

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग नसावा. माझा मुलगा तिसरीत आहे. त्याला सलग वाक्य वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी चुकते. अशा वर्गात अळ्या पाळण्यात आठवडे घालवणं मला परवडत नाही असं वाटतं. शहरातली मुलं शाळा सुटल्यावर शिकवणीला जातात. आमच्या मुलांना जे काही मिळतं ते शाळेतच. आधी लिहिणं-वाचणं-गणित पक्कं करा, विज्ञान सहावीपासून आहेच.

संत्राबाग

@बुधवारबाजार, राग कसला, तुमची काळजी रास्त आहे. माझ्याही वर्गात अडखळत वाचणारी मुलं आहेत. पण अळीच्या बरणीशेजारी आम्ही एक वही टांगली होती. रोज एकाने तिच्यात लिहायचं: आज काय दिसलं. जो मुलगा पुस्तकातला उतारा वाचायला उठत नाही, त्याने ‘आज अळीने सगळं पान खाल्लं. शीर ठेवली’ असं लिहिलं. जोडाक्षरात चुका होत्या, पण वाक्य त्याचं होतं आणि ते त्याने सगळ्यांपुढे वाचलं. अळीची लांबी दोरा लावून पट्टीवर मोजली, कालच्यातून आजची वजा केली. वजाबाकी तिथेच आली. वाचन-गणिताचा वेळ कापून मी हे करत नाही, त्यातच बसवते. भाषेच्या तासाला वर्णन, गणिताच्या तासाला मोजमाप.

सेवाग्रामरोड

मी शिक्षक-प्रशिक्षणात नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडा इतिहास सांगतो, कारण हा विचार बाहेरून आलेला आहे असं अनेक तरुण शिक्षकांना वाटतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिथून झाकिर हुसेन समिती नेमली गेली. नई तालीमची सुरुवात ती. हातातलं काम मधोमध ठेवायचं आणि भाषा, गणित, विज्ञान त्याच्याभोवती गुंफायचं, हा तिचा गाभा. सूत कातताना टकळी का फिरते, धागा का तुटतो, खताच्या खड्ड्यात पाला कुजताना खड्डा गरम का होतो, हे त्या शाळेचं विज्ञान. आजही सेवाग्रामला आनंद निकेतनमध्ये मुलं शेतात आणि स्वयंपाकघरात काम करत शिकतात. जवळ असाल तर एकदा जाऊन या.

दुसरी गोष्ट आपल्या सातपुड्यापलीकडची. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ उच्च प्राथमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. पुढे तो कार्यक्रम जिल्हाभर गेला, १९८२ मध्ये त्यातून एकलव्य संस्था उभी राहिली. मुलं चार-चारच्या टोळीने प्रयोग करायची. पाठ्यपुस्तकात उत्तरं नव्हतीच, प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा आणि प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा. शिक्षकांची मोठी शिबिरं व्हायची, तिथे शिक्षकांनी आधी स्वतः तेच प्रयोग करायचे. सरकारी शाळांत, गावच्या शिक्षकांकडून हे तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये राज्य सरकारने ते थांबवलं.

अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळ्या आणि आगकाड्या जोडून आकार बनवायची युक्ती काढली तीही त्याच भागात, होशंगाबादच्या कामात असताना. आयआयटीतून शिकलेला इंजिनिअर आठवडी बाजारातल्या वस्तूंतून खेळणी करायला बसला. साहित्य नाही म्हणून अडतं असं कोणी म्हणालं की मला ते आठवतं. अडतं ते शिक्षकाच्या तयारीपाशी. प्रयोग शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः करून पाहिलेला नसेल तर वर्गात तो फसतो आणि मग शिक्षक घाईने पुस्तकातलं उत्तर सांगून मोकळा होतो.

चौथा_तास

सेवाग्रामरोड सर, आदर आहेच. पण ‘मुलांपुढे साहित्य टाका, ती शोधून काढतील’ असा जो अर्थ अनेक प्रशिक्षणांतून शाळांपर्यंत पोचला, तो मला धोक्याचा वाटतो. मी गणित-विज्ञानाचा शिक्षक, उमरेडकडे.

२००४ मध्ये क्लार आणि निगम या संशोधकांनी अमेरिकेतल्या तिसरी-चौथीच्या शंभराहून अधिक मुलांवर एक अभ्यास केला. उतारावरून चेंडू सोडायचे. उताराचा चढ, पृष्ठभाग, चेंडू आणि उतारावर किती अंतरावरून सोडायचा, हे सगळं बदलता येतं. कशामुळे चेंडू लांब जातो ते शोधायचं. एका गटाला स्वतःच शोधायला सांगितलं. दुसऱ्या गटाला शिक्षकाने उदाहरणं दाखवून समजावलं, की एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. दुसऱ्या गटातल्या कितीतरी जास्त मुलांना धड तुलना जमली. स्वतः शोधणाऱ्या गटातल्या बहुतेकांना जमली नाही. ती दोन-तीन गोष्टी एकदम बदलत राहिली.

मला हे वर्गात रोज दिसतं. मुलं मजा करतात, हात चालतात, पण डोकं त्याच जागी राहतं. तुम्ही अळीबद्दल लिहिलंत त्यातही माश्यांचं तुम्हाला सांगावंच लागलं, मॅडम.

संत्राबाग

@चौथा_तास सर, वाद घालत नाही, कारण तुमचं बरंचसं पटतं. तुमचा प्रतिसाद वाचून मी तोच प्रयोग आमच्या पद्धतीने केला. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घरोघरी असतात, पोळा झाला की फळीवर जाऊन बसतात. ते आणायला सांगितले. (बाहेरच्या वाचकांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलं चाकं लावलेला लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात.) शाळेची फळी विटांवर टेकवून उतार केला.

पहिल्या दिवशी मी काहीच सांगितलं नाही. तुम्ही म्हणता तसंच झालं. एकाचा मोठा बैल उंच उतारावरून, दुसऱ्याचा लहान बैल बुटक्या उतारावरून, आणि निष्कर्ष: ‘मोठा बैल लांब जाते.’ दुसऱ्या दिवशी मी मधे पडले, पण नियम सांगितला नाही. तक्रार केली. ‘याच्या बैलाला जास्त विटा मिळाल्या, हे बरोबर झालं का?’ पोरं लगेच ओरडली, ‘नाही मॅडम, रडीचा डाव!’ रडीचा डाव त्यांना बरोबर कळतो. मग आम्ही ठरवलं, कोणावर अन्याय होणार नाही अशी शर्यत लावायची: विटा सारख्या, फळी तीच, ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. मोठा बैल मागे राहिला! त्याचं चाक आसावर घट्ट बसत होतं. एकीने घरून खोबरेल तेल आणून आसाला लावलं आणि तोच बैल दाराबाहेर गेला. ‘पण आता मोठा आहे म्हणून गेला का तेलामुळे?’ हे चौथीतल्या मुलाने विचारलं, मी नाही.

म्हणजे एकच गोष्ट बदलायची हे सांगावं लागतं, हे मान्य. पण आधी पहिल्या दिवसाचा गोंधळ झाला नसता तर माझं सांगणं त्यांनी नुसतं ऐकून घेतलं असतं.

चौथा_तास

हे आवडलं. न्यायाच्या शर्यतीवरून नेणं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सहावीला मी हाच शब्द वापरून पाहीन. एक सुचवतो: दर वेळी बैल सोडण्याआधी प्रत्येक मुलाने अंदाज बोटांवर दाखवायचा. नाहीतर दोन हुशार मुलं बोलतात आणि बाकीची मान डोलावतात. अंदाज चुकलेलं मूल पुढचं जास्त नीट बघतं.

सिपना

मी मेळघाटात, धारणी भागात शिकवतो. इथे एक वेगळी गोष्ट मांडतो. माझ्या वर्गातली मुलं कोरकू बोलतात. कोरकू मराठीच्या कुळातली नाही, मुंडा गटातली, संथालीच्या जवळची. पहिली-दुसरीत मराठी त्यांना परकीच असते. अशा मुलाला ‘तुझं निरीक्षण सांग’ म्हटलं की ते गप्प बसतं आणि बाहेरून आलेल्या साहेबांना वाटतं, मुलाला काही येत नाही.

मी एक केलं. पहिल्यांदा सगळं कोरकूत बोलायचं. मला सगळं समजत नाही, मोठ्या वर्गातला एक मुलगा शेजारी बसवतो. जंगलातली पानं आणली आणि गट करायला सांगितलं. मी समजत होतो की लांब-गोल, मोठी-लहान असे गट पडतील. त्यांनी केले ते खायची पानं, पत्रावळीची पानं, बकरी खाते ती, बकरी खात नाही ती. मोहाचं पान पत्रावळीच्या गटात टाकायचं का खायच्या, यावर भांडण, कारण फुलं खातात पण पान नाही. वर्गीकरणाचा धडा मी पुस्तकातून शिकवला असता तर एवढी खोल चर्चा मला जमली नसती. नंतर तेच गट मराठीत लिहिले. शब्द नवे होते, विचार त्यांचाच होता.

प्रयोग हाताने करायचा आणि बोलायचं मात्र परक्या भाषेत, असं असेल तर अर्धं काम वाया जातं. गडचिरोलीत गोंडी-माडिया मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी आपला अनुभव लिहावा.

पाटीपेन्सिल

मी अंगणवाडीत आहे, तीन ते सहा वर्षांची लेकरं. आमच्याकडे विज्ञान असं नाव नसतं, पण पाण्याचं घमेलं ठेवलं की लेकरं हलत नाहीत. काय बुडतं, काय तरंगतं. आधी विचारायचं, मग टाकायचं. जड ते बुडतं असं सगळी सांगतात. मग मी घरचं मोठं संत्रं आणि छोटासा खडा देते. संत्रं तरंगलं की डोळे एवढाले होतात. मग ते सोलून त्याची एक फोड टाकली की बहुतेक वेळा तळाला जाते. ‘कपडे काढले म्हणून बुडालं’ असं एक लेकरू म्हणालं. मी म्हटलं, मग साल एकटीच टाकून बघू. साल वर राहिली. या वयाला हवा, घनता असलं काही सांगायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. पाहू द्यायचं आणि पुन्हा पुन्हा करू द्यायचं. तेच तेच करताना मोठ्यांना कंटाळा येतो, लेकरांना येत नाही.

हुरडा

चौथीच्या पुढे नेणारा, पण तिसरीलाही जमणारा एक प्रयोग सांगतो. आमच्याकडे सोयाबीन निघालं की हरभरा येतो. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्यातून चाललं की पाय चुरचुरतात आणि पान चाखलं की आंबट लागतं. ती आंब. पानांवरच्या बारीक केसांतून आम्ल पाझरतं, त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. जुन्या बाया रात्री हरभऱ्यावर धुतलेलं पांढरं फडकं पसरून सकाळी पिळून घेत आणि ती आंब पोटदुखीवर ठेवत.

मुलांनी काय करायचं ते सांगतो. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदाच्या पट्ट्यांना लावा, सावलीत वाळवा. एका पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका, तांबडा डाग पडतो. साबणाच्या पाण्यानेही पडतो. कपड्यावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो हे मुलांनी घरी पाहिलेलं असतं, इथे त्यांना ते आठवतं. आता त्या तांबड्या डागावर लिंबाचा थेंब टाका, परत पिवळा होतो. एवढं झाल्यावर मुलांना शेतात न्या, हरभऱ्याच्या दवाने फडकं ओलं करा आणि त्याचा थेंब तांबड्या डागावर सोडा. काय होईल ते आधी विचारा. आमच्या वर्गात ‘आंबट लागते म्हणून पिवळं होईल’ असं म्हणणारी मुलं निघाली. हळदीला चव कळते का, असं कोणी तरी विचारतंच, आणि तो प्रश्न सोडून देऊ नका.

दवातली आंब पातळ असते, त्यामुळे तांबडा डाग फार गडद करू नका, निवळी पाणी घालून सौम्य करा. चुन्याचे हात डोळ्यांना लावू देऊ नका. फवारणी झालेल्या शेतात नेऊ नका, हे तर सांगायलाच नको. जास्वंदीच्या पाकळ्या कुस्करून कागदावर घासल्या तर आम्लात गुलाबी-लाल आणि चुन्यात हिरवट होतात, तेही शेजारी ठेवा.

काळी_माती

हुरडा भाऊंनी फवारणीचं काढलं म्हणून एक गोष्ट ठळक लिहितो. कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या आणि डबे प्रयोगासाठी कधीही, कितीही धुऊन, वापरू नका. गावात त्या सहज मिळतात, झाकण चांगलं असतं, म्हणून मुलंच उचलून आणतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, ती घरं आमच्या आसपासची आहेत. मुलांना बाटली कशाची आहे हे विचारणं हाही वर्गाचा भाग करा.

प्रयोगाचं म्हणाल तर माझा जीव मातीत. आमची काळी माती, नदीकाठची रेती आणि कोणी पूर्वेकडे गेलं तर भंडाऱ्याकडची धानाची माती, तिन्ही पारदर्शक बाटल्यांत पाणी घालून हलवायच्या. रेती लगेच खाली बसते. काळ्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. तुरटी फिरवली की निवळतं, हे घरी आजी करतेच. मग ओल्या मातीचे गोळे करून उन्हात ठेवायचे. काळ्या मातीचा गोळा तडकतो, रेतीचा नुसताच सुटून पडतो. उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा कशामुळे, हे मुलं तिथून शोधतात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळून नाल्याच्या रेतीतून फिरवलं तर बारीक काळे कण चिकटतात. आपला पश्चिम विदर्भ बसाल्टचा, त्या खडकातलं लोहखनिज ते. लोणारचं सरोवर पाहायला सहल गेली तर चुंबक सोबत न्या.

महागड्या किटबद्दल सांगायचं तर आमच्या केंद्रातल्या एका शाळेत पेटी आली, कुलपात आहे. फुटलं तर भरून कोण देणार, ही भीती. फुटायची भीती नाही अशाच वस्तूंनी सुरुवात करा.

केंद्रशाळा

तपासणीचं कसं करता? वहीत प्रयोग, साहित्य, कृती, अनुमान असे चार मथळे मागतात. मुलांच्या चित्रांच्या आणि मोडक्या वाक्यांच्या वह्या दाखवल्या तर ‘लेखन कच्चं’ असा शेरा येतो.

सेवाग्रामरोड

मी तपासणीच्या बाजूलाही बसलो आहे, म्हणून सांगतो. मथळे ठेवा, पण त्यांत दोन वाढवा. ‘कृती’च्या आधी ‘माझा अंदाज’ आणि शेवटी ‘अंदाजापेक्षा वेगळं काय झालं’. अंदाज खोडायचा नाही, चुकला तरी तसाच राहू द्यायचा. चित्राला तारीख घालायची. अधिकाऱ्याला वही दाखवण्याऐवजी मुलाला उभं करून विचारायला सांगा, ‘तुला कसं कळलं?’ होशंगाबादच्या कार्यक्रमात सगळा भर याच प्रश्नावर होता. ज्याने हाताने केलंय ते मूल या प्रश्नाला थांबत नाही. ज्याने उतरवून घेतलंय ते ‘पुस्तकात आहे’ म्हणतं. माझ्या पाहण्यात असं उत्तर ऐकल्यावर वहीच्या अक्षरावर अडून बसणारे अधिकारी फारच थोडे. आणि एक: अनुमान सगळ्या वह्यांत एकाच शब्दांत दिसलं तर समजायचं, ते फळ्यावरचं आहे.

बुधवारबाजार

मघाशी विरोधात लिहिलं होतं. अजूनही वाचनाची काळजी आहेच, आणि ती प्रत्येक शाळेने घ्यावी. पण पोराला ताटलीचा प्रयोग सांगितला. आमचं पाणी खारं नाही, तरी थोडा पांढरा थर आला. त्याने तीन घरचं पाणी मागून आणलं आणि कागदाच्या चिठ्ठ्या लिहून लावल्या. ‘काकूचं’, ‘शाळेचं’, ‘बोरचं’. ‘शाळेचं’ लिहिताना ‘ळ’ विचारायला आला. मॅडम, वहीचा जो प्रकार लिहिलात, त्याचा एखादा फोटो टाकता येईल का? मुलांची नावं झाकून.

संत्राबाग

@बुधवारबाजार, नावं झाकून नक्की टाकते. चिठ्ठ्या लिहिताना ‘ळ’ विचारायला आला, हे वाचून फार बरं वाटलं.

सगळ्यांना: मी आता असं ठरवलंय. हरभरा हातभर झाला की हुरडा भाऊंचा प्रयोग, कारण आंब मुलांच्या पायांना माहीत आहे. त्याआधी हळदीच्या पट्ट्या घरी करून पाहीन. चौथीची मुलं करतील तेव्हा तिसरीची अंदाज नोंदवतील, मग उलट. म्हणजे दोन वर्गांची अडचण थोडी कमी होते. उन्हाळ्यासाठी काही सुचवा. आमच्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, मे महिना तर पूर्ण सुट्टीचा.

चौथा_तास

मग मुलांना मे महिन्यासाठी घरी करायचं काम द्या: शून्य सावली. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो. चंद्रपूरला साधारण २० मेला, नागपूरला २६ मेच्या सुमारास, वरूडला आणखी एक-दोन दिवसांनी. दुसरी वेळ जुलैत येते, तेव्हा बहुतेक ढग असतात. वेळ घड्याळातल्या बाराची नाही, आपल्याकडे १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास.

त्या दिवशीची सावली नाहीशी झालेली पाहणं मला एवढं महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं आधीचं. एप्रिलच्या शेवटापासून अंगणात सरळ काठी रोवायची (ओळंब्याने तपासून, दोरीला खडा बांधला तरी झालं), आठवड्यातून एकदा दुपारी याच वेळेला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि पुढच्या आठवड्यात कुठे येईल ते आधी खुणेने दाखवायचं. मेच्या शेवटी सावली काठीच्या बुडाशी येते आणि नंतर दुसऱ्या बाजूला, दक्षिणेकडे सरकते. ती बाजू बदलेल असा अंदाज एखाद्याच मुलाचा असतो. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त जमिनीकडे. आणि ऊन ४५ च्या घरात असतं, तेव्हा डोक्याला दुपट्टा बांधून दोन मिनिटांत खडा ठेवून आत. काठी आंब्याखाली रोवू नका, आमच्या एका विद्यार्थ्याची सगळी सावली झाडाच्या सावलीत गेली होती.

पऱ्हाटी

सर, काठी आमच्या आंगनात रोवतो. दर्यापूरची तारीख काहाडून द्या.

चौथा_तास

दर्यापूर नागपूरच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे २५ मे धरा. पण आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही खडा ठेवा, एका दिवसाने फरक फार थोडा असतो आणि कोणता दिवस जास्त जवळचा ते पोरीला ठरवू द्या.